धाकूचा पहिला फ्लेक्स

धाकू कोळी पडला तो दुसऱ्याच्या वाढदिवसापायी. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर मला राग आवरत नाही आणि सांगायचं राहून जातं.

ठाण्यात, खोपटला एसटी डेपोच्या समोरच्या गल्लीत माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. मी डिझाइन करते, छापते, आणि धाकू लावतो. सतरा वर्षं झाली. आधी आम्ही दोघंही एकाच मालकाकडे नोकरीला होतो. त्याने तीन महिने पगार थकवला तेव्हा दोघंही एकाच दिवशी त्याला शिव्या घालून बाहेर पडलो. कर्ज काढून मशीन मी घेतली, शिडी त्याने आणली. कोलशेतच्या कोळीवाड्यातला माणूस. बाप खाडीत होडी घालायचा, पण खाडीत मासळी राहिली नाही म्हणून हा बांबूवर चढायला लागला.

चढायचा म्हणजे काय! एका पायाने बांबूला विळखा, दातात सुतळी, आणि वरून माझ्या नावाने आरडाओरडा. "नीले, भाऊंचं नाक वाकडं दिसतंय. तू असं छापलंस का मुळातच तसंय?" भाऊ म्हणजे आमच्या प्रभागातले पुढारी; खाली त्यांचीच पोरं उभी. मी कपाळावर हात मारायची. ठाण्यातले किती चेहरे त्याने टांगले असतील, मोजदाद नाही. वाढदिवस, हार्दिक अभिनंदन, दहावीला ब्याण्णव टक्के. त्याचा स्वतःचा चेहरा कधी लागला नाही. मी एकदा म्हटलं, "धाक्या, तुझ्या पन्नाशीला फुकट छापते." म्हणाला, "नको गं बाई. वरती लावणार कोण?"

मंगळवारी सकाळी आमच्या प्रभागातल्या भाऊंच्या वाढदिवसाचा वीस फुटी बॅनर लावताना बांबू सरकला. मी दुकानात होते. तुळसा, समोरची चहावाली, हातातलं गाळणं घेऊनच धावत आली आणि नुसती "धाकू, धाकू" करत राहिली. मी पोचले तेव्हा तो दुभाजकावर पाठीवर पडलेला. शुद्धीत होता. रक्त जवळजवळ नाहीच. मला वाटलं, वाचला बाबा. तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "नीले, माझ्या पायावरचा बांबू काढ ना." पायावर काहीच नव्हतं.



डॉक्टरांनी सांगितलं, मणक्याचं हाड फुटून आतली नस दाबली गेलीये. शुक्रवार सकाळपर्यंत ऑपरेशन झालं तर पाय परत येण्याची आशा आहे. त्यानंतर ते कसलीच खात्री देणार नाहीत. आधी दोन लाख भरा. सरकारी योजनेत बसत होतं, पण रेशन कार्डावर नाव एक, आधारवर दुसरं. मंजुरीला आठवडा लागला असता. दक्षता, त्याची बायको, तिथल्या बाकावर बसून राहिली. मग गळ्यातलं मंगळसूत्र काढून माझ्या हातात ठेवलं. ते, माझ्या दोन बांगड्या आणि दुकानातली रोकड मिळून सत्तर हजार झाले.

धाकूची आई आवडाबाई, वय पंचाहत्तर, बीपीची पेशंट. तिला सांगितलं, पाय मुरगळलाय, दोन दिवस दवाखान्यात ठेवलंय.

भाऊंना मी स्वतः फोन लावला. "ताई, फार वाईट झालं," भाऊ म्हणाले, "पण तो बॅनर विनापरवाना होता. माझं नाव कुठे येऊ देऊ नका. बघतो मी." बघतो! वीस फूट वर तुमचा दात काढलेला फोटो लावताना माणूस पडला, आणि तुम्ही बघता! दुसऱ्यांदा फोन उचलला नाही. व्हॉट्सॲपवर आवाहन टाकलं तर दोनशे जणांनी हात जोडलेले टाकले. "गेट वेल सून". पैसे आले चार हजार तीनशे.

बुधवारी दुपारी डोक्यात आलं की मला जे येतं ते तरी करावं. फ्लेक्स छापावा, दुकानावरच लावावा, खाली पैसे पाठवायचा कोड टाकावा. धाकूचा एकच नीट फोटो माझ्याकडे होता, गेल्या वर्षी गणपतीसमोर हात जोडून उभा असलेला. अंगात भगभगीत केशरी शर्ट. तो शर्ट पाहून वाढदिवसच वाटायला लागला, म्हणून फोटो काळा-पांढरा केला. रंगीत बॅकग्राउंड शोभेना, पांढरं ठेवलं. उठून दिसावं म्हणून काळी बॉर्डर मारली. फोटो मोठा, नाव त्याखाली ठळक, "धाकू कोळी", आणि "ऑपरेशनसाठी मदत करा" हे तळाला, उरलेल्या जागेत. डोळ्यांना धारा लागलेल्या, हात आपोआप चालत होते. संध्याकाळी तुळसाच्या नवऱ्याने तो फ्लेक्स वर बांधला आणि मी दवाखान्यात गेले.

गुरुवारी सकाळी साडेनऊला दुकानाशी आले आणि जागच्या जागी थिजले.

फ्लेक्सला हार घातलेला होता. झेंडूचा, जाडजूड. खाली फुटपाथवर उदबत्ती. रिक्षा स्टँडवरचे चार जण हात बांधून, मान खाली घालून उभे. मी वर पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझं डिझाइन दिसलं. सतरा वर्षांत शेकडो श्रद्धांजल्या छापल्या होत्या मी. हात त्याच वाटेने गेले होते. माझ्या मित्राला मी माझ्या हाताने मारलं होतं!

"अहो, जिवंत आहे तो!" मी किंचाळलेच. "खाली वाचा ना! कुणी वाचतं की नाही?"

त्या चौघांत एक प्रीतम नावाचा रिक्षावाला होता. पाचशेच्या दोन नोटा माझ्यापुढे धरून उभा होता. बिचारा गांगरला. मग म्हणाला, "आहे का? अरे वा, चांगलंय की. होईल बरा." आणि दोनातली एक नोट परत खिशात घातली. मुद्दाम नाही हो, सहज. जसा काही हिशोब बदलला.

म्हणजे मेलेल्याला हजार आणि जगणाऱ्याला पाचशे?

तेवढ्यात तुळसा आली, पदराने डोळे पुसत, हातात पाकीट. फ्लेक्स तिच्याच नवऱ्याने बांधला होता, पण हार पाहून तिलाही वाटलं, रात्रीत गेला. परवा तिने दोनशे दिले होते. आता आत दोन हजार होते. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. तिला नाही सांगितलं. नंतर जे जे आले त्यांना कुणालाच नाही सांगितलं. "वाईट झालं", "सोन्यासारखा माणूस", "काय लागलं तर सांगा", असं म्हणत पाकिटं येत गेली. कोडवर पैसे येत गेले. मोबाइल टिंग टिंग वाजत होता आणि दर टिंगला मी आकडा बघत होते. दुपारी बारापर्यंत सत्त्याहत्तर हजार. दोन दिवस मी पाया पडत फिरले तेव्हा कुठे होते हे लोक? आणि मी तरी कोण लागून गेले? मी फ्लेक्स उतरवला नाही.

बाराला भाऊंचा कार्यकर्ता चिराग आला. गॉगल डोक्यावर. "नीलाताई, भाऊ खूप डिस्टर्ब आहेत. भाऊंच्या वतीने श्रद्धांजलीचा दहा बाय आठ पाहिजे, अर्जंट. आणि पाच वाजता भाऊ स्वतः कोलशेतला घरी येतायत. पन्नास हजार रोख, आईच्या हातात. फोटोवाला सांगितलाय. बॉडी कधी मिळणार?"

सत्तर, वरचे चार, सत्त्याहत्तर आणि हे पन्नास. माझ्या डोक्यात बेरीज आधी झाली, लाज नंतर वाटली. आणि माझ्याच तोंडातून शब्द आले, "पोस्टमॉर्टेम बाकी आहे."

चिराग गेला. हे मी बोलले? तोच फोन वाजला. रमाबाई, धाकूची कोलशेतची शेजारीण. "अगो नीला, धाकू जेला त आमाना कलवलास नाय? मोबाइलवर फोटो आयलाय. म्हातारीनं अंग टाकलंय इथं!"

आवडाबाई! माझ्या डोक्यात आवडाबाई आलीच नव्हती. लोकांच्या खिशाचा विचार केला, आईचा केला नाही. रिक्षात बसले ते कोलशेत येईपर्यंत स्वतःला शिव्या देत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता.

घरासमोर बायका जमलेल्या. आवडाबाई भिंतीला टेकून बसली होती, केस सुटलेले, आवाज बसलेला. मी सगळ्यांना ओलांडून तिला उठवलं, आतल्या चुलीच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. तिचे पाय धरले. "आवडामावशी, धाकू जिवंत आहे. शप्पथ. माझी चूक झाली." दक्षताला व्हिडिओ कॉल लावला. पलंगावर धाकू, नाकात नळी, मान न हलवता म्हणाला, "आये, जेवलीस का?"

म्हातारीने स्क्रीनवर हात फिरवला. फोन बंद केला. आणि माझ्या कानाखाली अशी जोरात ठेवून दिली की भिंतीवरची कढई हलली. मग मला छातीशी धरलं. मग पुन्हा एक ठेवून दिली.

मी सगळं सांगितलं. पाय, मणका, उद्या सकाळ, दोन लाख, पाकिटं, भाऊ, पाच वाजता. म्हटलं, "मी बाहेर जाऊन खरं सांगते आता. मला नाही हे सहन होत."

आवडाबाईने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "पन्नास आयले नाय त माजा पोऱ्या उटंल?"

"पैसे पुरे पडणार नाहीत, मावशी."

"मंग थांब." तिने सुटलेले केस आणखी विस्कटले. "खोटी बातमी उटली का मानसाचा आयुष वारतं. पाच वाजंपरीन माजा पोऱ्या मेलाय. तू गप ऱ्हा."

तिने दार उघडलं, बाहेर जाऊन भिंतीशी बसली आणि जित्या लेकासाठी रडायला लागली.

चार तास! पंचाहत्तर वर्षांची बाई, घोटभर पाणीही न पिता. धाकू लहानपणी खाडीत बुडता बुडता वाचला ते सांगून रडली. बापाच्या मागे त्याने शाळा सोडली ते सांगून रडली. "परक्यांची तोंडं टांगलीस रं, तुजं तोंड कोनी बगितलं नाय," म्हणाली तेव्हा सगळ्या बायका हुंदके द्यायला लागल्या आणि मीही, मला सगळं माहीत असून.

भाऊ सव्वापाचला आले. पांढरे कपडे, मागे वीस माणसं, फोटोवाला पुढे. भाऊ खाली बसले, म्हातारीचा हात हातात घेतला, पाकीट ठेवलं. फ्लॅश उडाला. "आई, धाकू माझ्या भावासारखा होता. मी तुमच्या पाठीशी आहे."

आवडाबाईने पाकीट चोळीत कोंबलं. मग त्यांचा हात सोडलाच नाही, उलट घट्ट धरला आणि अख्ख्या कोळीवाड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "देव तुजा भला करो. माजा पोऱ्या जिता हाय. तुजा वारदिवस टांगताना परलाय. उद्या त्याचा आपरेशन हाय, बगाला ये."

फोटोवाल्याचा कॅमेरा तसाच डोळ्याला. चिरागचा गॉगल डोक्यावरून खाली पडला. भाऊंचा चेहरा सतरा वर्षं छापतेय मी, पण असा कधी पाहिला नव्हता. एकदा कॅमेऱ्याकडे, एकदा माणसांकडे पाहिलं, आणि शेवटी म्हणाले, "देवाची कृपा." दुसरं म्हणणार काय? हात सोडवून घेतला आणि चपला शोधत निघून गेले.

आवडाबाईने पाकीट माझ्या हातात कोंबलं. "जा, पयले भर." मी निघाले. उंबऱ्यावरून वळून पाहिलं, तर ती अजून रडतच होती.

"मावशी, बास आता. गेले ते."

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "आता थांबत नाय गो बाय."

रमाबाईने तिला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. ती काही थांबेना. मी रिक्षात बसेपर्यंत तो आवाज येत होता.

ऑपरेशन शुक्रवारी सकाळी झालं. शनिवारी मी उसनवारी करून, तेवढेच पैसे पुन्हा पाकिटांत घालून दारोदार फिरले, चूक सांगितली, ज्याला परत हवे त्याने घ्या म्हटलं. सात जणांनी घेतले. तुळसाने पाकिटाकडे पाहिलंही नाही, आठ दिवस माझ्याशी बोलली मात्र नाही. प्रीतमने खिशातली ती पाचशेची नोट काढून दिली आणि दुसरीकडे बघत रिक्षा चालू केली.

धाकू आता घरी आहे. अकराव्या दिवशी डाव्या पायाचा अंगठा हलला, उजवा अजून नाही. बांबूवर तो परत चढणार नाही, हे त्याला कळलंय आणि मलाही. त्यावर आम्ही अजून बोललेलो नाही.

तो फ्लेक्स मी फाडायला निघाले होते. आवडाबाईने फाडू दिला नाही. चांगला जाड माल आहे, म्हणाली, आणि त्यांच्या गळक्या पत्र्याखाली आतून ताणून बांधून घेतला. छापील बाजू खाली, कारण लेकाचं तोंड गळतीखाली भिजायला नको. त्यामुळे धाकू दिवसभर उताणा पडलेला असतो आणि वरून हात जोडलेला धाकू त्याच्याकडे बघत असतो.

परवा गेले तर म्हणाला, "नीले, गाठी ढिल्या बांधल्यात बघ. मी असतो तर असं बांधलं नसतं." तो वर बघत डावा अंगठा हलवत होता, पुन्हा पुन्हा, आणि आई शेजारी बसून मोजत होती.