तानपुऱ्यामागचे पाच रविवार

सरांचा फोन आला तेव्हा मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात, घरी, ब्लाउजला हुक लावत बसले होते. लग्नाआधी तीन वर्षं हिंगोलीत मी त्यांच्याकडे गाणं शिकले होते. नंतर एकवीस वर्षं काहीच नाही. सर म्हणाले, "तानपुऱ्याला बसायला माणूस नाही. येशील का?"

मी हो म्हणून मोकळी झाले आणि मग विचारलं, "कुठं सर?"

"चर्चमध्ये."

झालं असं होतं, की तिथले पाळक सरांकडे पेटी शिकायला यायचे. सरांच्या घराखाली मोबाइलची दुकानं झाली होती आणि दिवसभर स्पीकर चालायचे. सरांना गायला शांत जागाच उरली नव्हती. पाळक म्हणाले, "सकाळची उपासना झाली की चर्च रिकामंच असतं. नाताळ झाल्यावर पाच रविवार तुम्ही गा. आमची मंडळी ऐकेल, ज्याला यायचं तो येईल." चारला सुरू करायचं आणि साडेसहाच्या आत संपवायचं, म्हणजे खेड्यापाड्यातल्या लोकांना परतीची गाडी मिळेल.

माझी गाडी घरचीच होती. नवरा हिंगोलीपर्यंत प्रवासी जीप चालवतो. तो म्हणाला, "जा की. पर तू नुसत्या तारा छेडणार? गाणार न्हाईस?"

"सरांनी हातानं खुणावलं तरच गायचं असतं."

"आन् न्हाई खुणावलं तर?"

"तर न्हाई."

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं.

पहिल्या रविवारी नाताळच्या कागदी चांदण्या अजून छताला लटकत होत्या. वेदीच्या पायरीखाली सतरंजी अंथरली होती. पुढं सर, बाजूला तबल्याला त्यांचा भाचा, मागं मी. माईक नव्हता. सरांनी मुलतानी राग सुरू केला. पहिलाच सूर भिंतींवरून फिरून परत आला, तेव्हा सर थांबले आणि हसले. त्यांना असं हसताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

तानपुरा वाजवणाऱ्यानं स्थिर बसायचं असतं, आणि तेच मला जमेना. खिडकीतलं ऊन कमी झालं की तारा चढायच्या, खुंटी पिळावी लागायची. पण खरी तकलीफ वेगळीच होती. सर एखादी जागा घ्यायचे, ती पुढं कुठं वळणार हे मला आधीच कळायचं आणि गळ्यात काहीतरी हलायचं. मी दातांवर दात दाबून बसायचे.

घरी आल्यावरही ते थांबेना. शिलाई मशीनवर पाय चालायचा तो बारा मात्रा मोजत. एकीच्या ब्लाउजची उजवी बाही मी डावीकडं जोडली. ती म्हणाली, "वहिनी, ध्यान कुठंय तुमचं?" मी बाही उसवली, परत लावली आणि रविवारला किती दिवस उरले ते बोटांवर मोजलं.

तिसऱ्या रविवारी सरांनी मारवा घेतला. त्यात पंचम नसतो म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादात लावली होती. सर षड्जाच्या आसपास फिरत राहायचे, पण त्यावर टेकायचे नाहीत. अचानक त्यांचा डावा हात मागं आला, तळवा वर. खूण माझ्यासाठी होती.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

सर एक आवर्तन थांबले. मग हात मांडीवर ठेवून पुढं गायला लागले. मी तारा छेडत राहिले. सगळ्या चर्चला ते दिसलं होतं. संपल्यावर पहिल्या बाकावरच्या एक म्हाताऱ्या बाई, दर रविवारी शाल पांघरून यायच्या त्या, जवळ आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तोंड तर उघडलं होतंस. मग आवाज काहून न्हाई आला?"

जीपमध्ये नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?"

"काही न्हाई."

"तोंडावर दिसून राहिलं ना."

वाटेतलं सेनगाव येईपर्यंत मी बाहेर बघत होते.

चौथ्या रविवारी मी त्या डाव्या हातावरून नजर काढली नाही. हात मांडीवरच राहिला. सर काय गायले ते आज मला आठवतही नाही.

शेवटच्या रविवारी बाक भरले, लोक दारातही उभे राहिले. सरांनी पूरिया धनाश्री गायला घेतला. बंदिशीचा मुखडा संपवून ते श्वास घ्यायला थांबले आणि त्या एवढ्याशा जागेत मी गायले. कुणी खुणावलं नव्हतं. भाच्यानं दचकून माझ्याकडं पाहिलं. सरांची पाठ ताठ झाली. माझा निषाद उतरला होता, तो गळ्यातून निघाला तेव्हाच मला कळलं.

सरांनी मला थांबवलं नाही. तीच ओळ, तीच जागा त्यांनी बराबर सुरात गाऊन दाखवली, जशी पूर्वी शिकवणीत दाखवायचे. मग थांबले. मी परत घेतली. परत कमी पडली. त्यांनी परत गायली. भरलेल्या चर्चमध्ये माझी शिकवणी चालली होती आणि माझे कान तापले होते, पण गप्प बसावंसं मात्र वाटलं नाही. तिसऱ्यांदा निषाद जवळपास लागला. सर पुढच्या ओळीकडं गेले.

लोक पांगल्यावर ते तानपुऱ्याला गवसणी घालत म्हणाले, "मी खुणावलं होतं?"

"न्हाई सर."

"सूर उतरला होता तुझा."

"व्हय सर."

"मग परत काहून गायलीस?"

"राहवलं न्हाई."

त्यांनी गवसणीची नाडी बांधली. "गुरुवारी घरी ये."

नवरा चपला काढून दाराशी उभा होता. कधी आला होता कोण जाणे. बाहेर जीपमधली माणसं हॉर्न वाजवून राहिली होती. तो म्हणाला, "चल, लोक खोळंबले." आणि थोडं चालल्यावर, "मधी गायली ती तूच ना?"

"हो."

"मला वाटलंच."

गुरुवारी मी सकाळच्या फेरीला हिंगोलीत उतरले. सर गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली दुकानात गाणी सुरू झाली होती. ते आत आले, खिडक्या लावून समोर बसले आणि म्हणाले, "सा लाव."

मी लावला.

"परत."

परत लावला.

"परत."

जीप परत निघायला एक तास होता. मी घड्याळाकडं पाहिलं, ते त्यांनीही पाहिलं. "परत," ते म्हणाले.