खाजवायचं नाही, थोपटायचं

बोलता बोलता ती तळहाताने स्वतःच्याच डोक्यावर चापट्या मारायची. चांगल्या ऐकू येतील अशा. जळगावात आमच्या गल्लीत केनियाहून शिकायला आलेली मुलगी राहायला येणं हीच मोठी बातमी. त्यात ती स्वतःला मारते म्हटल्यावर, तुम्हीच सांगा, बायका गप्प बसतील?

तिच्या घरमालकीण नानींनी निदान केलं, उवा! सीताफळाच्या बिया वाटून, वाटीसकट तिला घेऊन त्या माझ्या पार्लरमध्ये हजर. "हिचं डोकं बघ गं." मी बघितलं. टाळूला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या, शेतातल्या सऱ्यांसारख्या सरळ. ऊ औषधालाही नव्हती.

"वेणी घट्ट आहे, अक्का. खाज येते," ती म्हणाली. वसतिगृहात वर्ष काढल्यामुळे मराठी तिला कामापुरती येत होती. "पण खाजवायचं नाही, थोपटायचं. नाहीतर वेणी विस्कटते." मग वाटी दोन्ही हातांनी घेऊन ती नानींच्या पाया पडली. नानी तिथेच विरघळल्या.

तेव्हापासून संध्याकाळी माझ्या दारात हाक यायची, "काय शे, अक्का?" 'काय आहे'चे हे अहिराणी शब्द तिने एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याकडून उचलले होते. त्याच्याच रिक्षा स्टँडवरची टवाळ पोरं तिला बघून 'कालू, कालू' ओरडायची. मी तणतणले की ती डोकं थोपटायची. "खाजवायचं नाही, अक्का." मला काही ते पटायचं नाही. माझा स्वभाव रक्त निघेपर्यंत खाजवणारा.

मग तिच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मुलींनी कोरियन गाण्यावर नाच बसवायचं ठरवलं. त्यात नानींची नात श्रुती पुढे. मोबाइलवर एका कोरियन गायकाचा फोटो घेऊन ती आली. "काकू, अशा कोरियन वेण्या येतील तुम्हाला?" बघते तर तीच वेणी! जिच्यासाठी घरात उवांचं औषध वाटलं गेलं होतं, ती कोरियाला जाऊन आली आणि फॅशन झाली.

आमची केनियाची पोरगी तिथेच बसली होती. हसली. "ह्या वेण्या आमच्या. आणि तो नाच, ते भराभर बोलत गाणं, ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं."

"मग तुला राग येतो त्या कोरियन पोरांचा?" श्रुतीने विचारलं.

"मला ती आवडतात गं. खोलीत फोटो आहे त्यांचा. म्हणून तर जास्त लागतं. गाऊ दे ना. पण कोणाचं घेतलं ते सांगावं."

नाच तिनेच बसवला, नानींच्या गच्चीवर. मधली जागा तिची होती. "माझी आई मोबाइलवर बघणार," हे तिने गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं. आदल्या दिवशी माझ्याकडे बसून तिने एकेकीच्या वेण्या घातल्या. बोटं सुजली. शेवटची वेणी झाल्यावर श्रुती चाचरत म्हणाली, "दीदी, उद्या तू खालून व्हिडिओ काढशील? कॉलेजच्या मॅडम म्हणतात, ग्रुप कोरियन दिसायला हवा."

मी कंगवा आपटला. "आणि तुम्ही गं? तुम्ही कोरियातून आलात की इथल्याच पिंप्राळ्यातून?" त्या मॅडमना फोन लावून मी भांडले. "एकीसाठी नाच रद्द करू का?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती डोकं थोपटत होती. खूप वेळ. मला रडू आलं, तिला नाही. तिने दुसऱ्या दिवशी व्हिडिओही काढला. आईला काय सांगितलं, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

वर्ष संपताच ती पुण्याला गेली. जाताना नानींची वाटी घासून परत दिली, आत साखर घालून.

परवा श्रुती तशाच वेण्या घालून आली होती. वेण्या घालायला ती तिच्याकडूनच शिकली, आता मैत्रिणींच्याही घालते. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने विचारलं, "अगं, डोक्यावर काय मारतेस?"

"कोरियन वेण्या आहेत ना," श्रुती ऐटीत म्हणाली. "खाजवायचं नाही, थोपटायचं."

माझी कात्री थांबली. "हे कोणी शिकवलं, तिला सांग की."

श्रुतीने आरशात माझ्याकडे पाहिलं. हात तसाच डोक्यावर राहिला.