उर्मट धाकटी

उर्मट हा शब्द धाकटीला शाळेतच चिकटला. गुरुजी अंगठा जिभेवर ओला करून वह्यांची पानं उलटायचे. ही म्हणाली, "माझी वही मी उलटते, तुम्ही नुसतं बघा." गुरुजींनी घरी निरोप धाडला, मुलगी उर्मट आहे. पुढे नवरा पिऊन ओकायचा आणि पुसायला हिला हाक मारायचा. एके दिवशी हिने फडकं त्याच्याच हातात दिलं. सासरचेही तेच म्हणाले, आणि धाकटी आपली पेटी उचलून थोरल्या बहिणीकडे राहायला आली.

या शब्दाची गंमत अशी, की तो नेहमी वरून खाली पडतो. नोकर ऐकत नाही, तो उर्मट. मालक कुणाचं ऐकत नाही, तर त्याचा म्हणे स्वभाव कडक. लेक उलट बोलली की आगाऊ, बाप उलट बोलला की स्पष्टवक्ता. 'नाही' म्हणायची ऐपत नसलेल्या माणसाने 'नाही' म्हटलं की त्याला उर्मट म्हणायचं, एवढाच त्याचा अर्थ. धाकटीला तो कुणी सांगायची गरज पडली नाही.

बहिणीचे यजमान एका जॅमच्या कारखान्यात मुकादम होते. भावोजींनी शब्द टाकला आणि हिला कढईवर काम मिळालं. फळं शिजवायची, ढवळायची, गॅस बंद करून जरा निवू द्यायची, मग बाजूचं चाक फिरवून कढई कलती करायची, की जॅम बरण्या भरायच्या हौदात उतरायचा. काम घामाचं होतं, पण तिला आवडायचं. वर्षभरात कायम करतो असं साहेबांनी सांगितलं होतं. कायम झाली की ती स्वतःची खोली घेणार होती. बहिणीच्या स्वयंपाकघरात, भांड्यांच्या मांडणीखाली अंथरूण घालून तिला वीट आला होता.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण मध्ये साहेबांची पळी आली.

साहेब रोज प्रत्येक कढईची चव घ्यायचे. खिशातून लांब दांड्याची पळी काढायची, कढईत बुडवायची, फुंकर घालायची, जीभ बाहेर काढून सावकाश चाटायची, मिशीला लागलेलं बोटाने आत ढकलायचं आणि तीच पळी पुन्हा कढईत. मग पुढची कढई. सर्दी असो, खोकला असो. एकदा तर नाकातलं पाणी पळीवर ओघळलेलं धाकटीने डोळ्यांनी पाहिलं. साहेब म्हणाले, "फर्मास!" बायका माना डोलवायच्या. साहेबांची जीभ लागल्याशिवाय मालाला गोडी येत नाही, असं भावोजी नव्या माणसांना कौतुकाने सांगायचे. सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. त्या कारखान्यातली एकही बाई तिथला जॅम घरी नेत नसे, आणि का नेत नाही हे एकमेकींना विचारतही नसे. धाकटीला साहेबांपेक्षा या बायकांचीच जास्त किळस यायची.

तिने आधी साधा उपाय केला. कढईशेजारी एक वाटी ठेवली.

"साहेब, यात काढून देते. वाटीतून घ्या चव."

साहेबांनी वाटीकडे पाहिलं, मग भावोजींकडे. "तुमची मेहुणी आम्हाला जेवायचं वळण लावते वाटतं?"

"नवीन आहे साहेब," भावोजी कसनुसं हसले. "बोलायची पोच नाही तिला."

त्या संध्याकाळी घरी दोघांच्याही तोंडाचा पट्टा सुटला. "नाकाने कांदे सोलू नकोस," बहीण म्हणाली. "तो जॅम आपण खातो का? लोक खातात. तुझं काय जातं?"

"ताई, लोकांच्या घरी पोरं असतात गं."

"पोरं तर मातीसुद्धा खातात!" भावोजी म्हणाले. "उद्या माफी माग. मी बोललोय साहेबांशी. कायम करतायत तुला."

सकाळी साहेबांनी सगळ्यांना कढईपाशी बोलावलं. त्यांनी पळी बुडवली, चाटली, पुन्हा बुडवली आणि भरलेली पळी धाकटीपुढे धरली.

"घे चव. आपल्यात आता काही राग नाही. आजपासून तू कायम."

जॅमवर लाळेची तार चमकत होती. धाकटीच्या डोळ्यांपुढे खोली आली, खोलीचं दार आलं, आतून लावायची कडी आली. तिने तोंड उघडलं.

"नको."

"आमचं उष्टं चालत नाही बाईसाहेबांना?"

"नाही चालत."

तेवढ्यात भावोजी पुढे झाले. "लाजते ती साहेब. तिच्या वाटणीचं मी घेतो." आणि त्यांनी पळी तोंडात घातली. नुसती घातली नाही, दांड्यापर्यंत साफ चाटली. लाळ घोटणं म्हणजे काय ते धाकटीने इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

साहेब खूश झाले आणि धाकटीकडे वळले. "बघ, याला म्हणतात माणूस. जा, केलं तुला कायम." आणि ती आता दोघांच्या तोंडची झालेली पळी त्यांनी पुन्हा कढईत सोडली.

धाकटीने चाक फिरवलं. हौदाकडे नाही, उलट्या बाजूला. अख्खी कढई फरशीवर रिकामी झाली. बायका किंचाळत मागे सरल्या. कोमट लाल चिखल गटाराकडे वाहत गेला आणि साहेबांचे बूट घोट्यापर्यंत त्यात रुतले.

"उर्मट!" साहेब ओरडले. "हाकला हिला!"

"हाकलायला कशाला हवं?" धाकटी म्हणाली. तिने एप्रनची गाठ सोडली.

दाराशी पोचल्यावर तिने एकदा मागे पाहिलं. भावोजी आपल्यामागे धावतील, शिव्या घालतील, निदान आज घरी येऊ नकोस म्हणतील, असं तिला वाटलं होतं. त्याचं तिला काही वाटलं नसतं. पण भावोजींना तिच्यासाठी वेळच नव्हता. ते त्या चिखलात गुडघे टेकून बसले होते आणि स्वतःच्या सदऱ्याच्या टोकाने साहेबांचे बूट पुसत होते.

धाकटी बाहेर आली आणि भिंतीला धरून भडाभडा ओकली.