माणूस खाली हाय

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधीमधी हसलात तर मी उठून जाईन, चहा तसाच राहील. ह्या गोष्टीचा राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला न्हाई. माती मीच खाल्ली, कबूल हाय. पण खाऊ घालणारे बी लय होते. निदान मी तसंच समजतो.

माझी धाकटी बहीण रेखा गुवाहाटीला असते. जावई तिकडं बँकेत हायत. गुवाहाटी म्हणलं की आमच्या बोरीत लोक गालात हसतात, ते कशामुळं ते तुमाला सांगायला नको. तर तिच्या पोराचं जावळ ठरलं. लेकराचे जन्माचे पहिले केस काढतात तवा लेकरू कुणाच्या मांडीवर बसतं? मामाच्या. आणि मामा मी एकटाच.

रेखाचा फोन आला. "दादा, लग्न झाल्यापासून तू एकदा तरी माझ्या दारात आलास का? दर बारीला तुझं दुकान, दर बारीला तुझा हंगाम. आता जावळाला मामा आला न्हाई तर सासरचे म्हणतील, हिला माहेर हाय का न्हाई."

ह्याच्यावर माणसानं काय बोलावं? माझं खत-बियाणाचं दुकान हाय, हंगामात जेवायला वेळ मिळत न्हाई, हे तिला बी माहीत. पण आवाज असा काढला की मला धस्स झालं. मी म्हणलं, "येतो. सगळ्यांना घेऊन येतो. सकाळच्या मुहूर्ताला तुझं पोरगं माझ्या मांडीवर असेल."

आता गुवाहाटीला आमच्याकडून थेट विमान न्हाई. नांदेडहून हैदराबाद, तिथं उतरायचं, दुसऱ्यात बसायचं, मग गुवाहाटी. ह्याला म्हणतात कनेक्टिंग. ज्यानं कुणी हे शोधून काढलं त्याला पोटची लेकरं नसणार, हे मी लिहून देतो. माझ्या चुलतभावानं तिकिटं काढून दिली आणि म्हणला, "टेन्शन घेऊ नको. जिंतूरला बस बदलल्यासारखं हाय."

पुढं जे झालं ते ह्या एका वाक्यानं झालं.

आमी निघालो. मी, माझी बायको मनीषा, पाच वर्षांचा वेदू आणि अडीच वर्षांची परी. नांदेडला विमानात बसलो तोवर सगळं ठीक होतं. हैदराबादला उतरताना परीचे कान दुखायला लागले आणि तिनं जो सूर लावला तो पायलटला बी ऐकू गेला असेल. मागच्या सीटवरचा एक गुळगुळीत दाढीचा माणूस च्च च्च करायला लागला. मी मागं वळून म्हणलं, "साहेब, तुमचे कान दुखायलेत का? दुखत असतील तर तुमी बी रडा, आमी काय म्हणणार न्हाई." मनीषानं माझ्या मांडीला चिमटा काढला. तिचं म्हणणं असं की मी घरून निघतानाच भांडण सोबत घेतो. डबा एकवेळ विसरेन, भांडण न्हाई.

विमान उशिरा टेकलं. पुढचं विमान निघायच्या बेतात. पळा. पण पळू देतील तर ना? परत तपासणी. परीची दुधाची बाटली उघडून बघितली. वेदूची चप्पल काढली, ती सापडंना. स्टीलचा डबा मशीनमधी अडकला.

"इसमें क्या है?"

"धपाटे."

"क्या?"

"धपाटे. खाके देखो, फिर जाने दो."

खाल्ले न्हाईत, पण जाऊ दिलं. ह्या गडबडीत ज्याचा पास त्याच्या हातात आला. मनीषाकडं तिचा आणि लेकरांचे, माझा माझ्या खिशात. एवढं ध्यानात ठेवा.

गेटपाशी पोचलो आणि परीला शी आली. वेदूला शू आली. नांदेडला विचारलं तवा नको होती, विमानात विचारलं तवा नको होती, आता गेटवर दोघांना एकदम. मनीषा म्हणली, "तुमी हितंच थांबा. आमी आलोच."

आता थांबणं आणि थांबवणं, ह्या दोन्हीत आमच्याकडच्या माणसाला कुणी शिकवायची गरज न्हाई. आमच्या बोरीला यष्टी येते. कुणाची म्हातारी खाली उतरलेली असते, कुणाचं लेकरू बाभळीमागं गेलेलं असतं. मग घरचा एक जण दारात उभा राहतो. एक पाय पायरीवर, एक पाय जमिनीवर. कंडक्टरनं घंटी मारली की ओरडायचं, "मास्तर, माणूस खाली हाय." झालं. कुणाची हिंमत न्हाई बस हलवायची. ड्रायव्हर शिव्या देतो, तंबाखू मळतो, पण थांबतो. कुणाचं तरी माणूस खाली असताना गाडी सोडणं हे आमच्यात पाप हाय.

तसाच मी गेटपाशी उभा राहिलो, सगळ्यात पुढं. तेवढ्यात एक सूटवाला आला आणि माझ्या बाजूनं घुसून रांगेत पुढं. माझं टाळकं सटकलं. मी त्याला धरला. "ओ भाईसाब, लाइन दिखती क्या नहीं?" तो म्हणला, त्याचं तिकीट वेगळं हाय. म्हणलं, "तिकीट वेगळा है तो विमान भी वेगळा लेके जाओ." तो इंग्रजीत तापला, मी हिंदीत तापलो. चांगलं पाच-सात मिनिटं आमचं चाललं. तो निघून गेला तरी मी त्याच्या पाठीमागं हात करून बोलतच होतो.

मग बघतो तर रांग संपलेली. गेटवर एक पोरगी उभी, गळ्यात लाल रुमाल.

"सर, बोर्डिंग क्लोज हो रहा है. आइए."

"मैं नहीं आता."

"क्यों सर?"

"मेरे लोगां नीचे हैं."

ती म्हणली, "नीचे मतलब, पार्किंग में?"

आता हिला काय सांगायचं? मी म्हणलं, "बाथरूम गए. बीवी है, दो बच्चे हैं. वो आए बगैर विमान हिलना नहीं."

"ठीक है सर. आपका नाम बताइए, मैं चेक करती हूं."

हितं माझा संशय जागा झाला. नाव कशाला? आमच्याकडं माणूस भांडायला लागला आणि समोरच्यानं नाव विचारलं की समजून जायचं, तक्रार होणार. तलाठ्यानं विचारलं तरी आमी पटकन सांगत न्हाई. मी म्हणलं, "पहले आपका नाम बताओ."

तिनं छातीवरची पट्टी दाखवली. मी म्हणलं, "मेरा नहीं बताता."

"सर, सिर्फ नाम बता दीजिए."

"नाम का क्या संबंध? बच्चा बाथरूम में है, नाम में नहीं है."

तुमी हसायलात. मी आधीच सांगितलं होतं, हसू नका.

वर भोंग्यातून कुणाला तरी बोलवायला लागले होते. परत परत तेच. मला काय ऐकू येणार, माझाच आवाज एवढा मोठा होता. उलट मी त्या पोरीला म्हणलं, "ये देखो, कैसे कैसे लोगां रहते. अनाउन्स कर करके भी नहीं आते."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं दार लावायला हात घातला, आणि मी पाय ठेवला. पायरी नव्हती, काचेच्या दाराचा उंबरा होता, त्याच्यावर. एक पाय आत, एक बाहेर. बंदूकवाला शिपाई आला. म्हणला, "पैर हटाइए."

"पैर नहीं हटता. आदमी नीचे है."

मग त्यांचा मोठा साहेब आला. हात जोडून म्हणला, "सर, पूरा फ्लाइट आपके कारण रुका है."

खरं सांगतो, माझी छाती फुगली. म्हणलं, थांबलं ना? थांबायलाच पायजे. बोरीच्या माणसानं हैदराबादला विमान थांबवलं. कुणीतरी फोटो काढायला पायजे होता.

साहेब म्हणला, "बस एक पॅसेंजर बाकी है."

"एक नहीं, तीन. और मैं चौथा."

"नहीं सर, एक ही है."

"गिनती नहीं आती तो विमान कायको चलाते?"

त्यानं डोळे मिटून घेतले. मग म्हणला, "ठीक है, बुला लाइए उनको. जल्दी."

मी गेलो बायकांच्या बाथरूमपाशी. आत कसं जाणार? दारातूनच हाक मारली. "मनीषा. ए मनीषा. परी." झाडूवाली बाई बाहेर आली. म्हणली, "भैया, अंदर कोई नहीं है."

"देखो नीट. छोटी बच्ची है, पिवळा फ्रॉक."

"कोई नहीं है. कब के खाली है."

मी मनीषाला फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

तवा माझा राग गेला. त्या दिवसात पहिल्यांदा. परका मुलूख, केवढी ती जागा, हजार माणसं, आणि माझी बायको आणि दोन लेकरं त्यात कुठंच न्हाईत. मी खेळण्याच्या दुकानात बघितलं. पाण्याच्या नळापाशी बघितलं. पिवळा फ्रॉक दिसला की पळत जायचो आणि दुसऱ्याचंच लेकरू निघायचं. एका बाईनं आपलं पोरगं माझ्यापासून मागं ओढून घेतलं. मला रडायला येत होतं आणि कुणाला सांगावं तेबी कळत नव्हतं. देवाला म्हणलं, आजपासून कुणाशी भांडणार न्हाई, फक्त लेकरं दाखव.

फोन वाजला. मनीषा.

"अहो, कुठं हायत तुमी?"

"मी कुठं? तू कुठंयस? लेकरं कुठंयत?"

"आमी बसलोत की कवाचे."

"कुठं बसलात?"

"विमानात."

मी म्हणलं, "विमानात कशा गेलात? मी दारात उभा हाय."

"बाथरूममधून आलो तर परी रडायला लागली होती. त्या लाल रुमालवाल्या पोरीनं बघितलं, म्हणली छोट्या लेकरांवाल्यांना पहिल्यांदा बसवतेत, चला. मी तुमाला हाक मारली. तुमी कुण्या सूटवाल्याशी भांडत होता. मागं न बघता हात हलवला, जा म्हणून. मी गेले. मग लेकरांना फोनवरचं कार्टून लावून दिलं, फोन फ्लाइट मोडवर ठेवला. आता ही हवाई सुंदरी विचारायलीय, नवरा कुठंय. तुमचं नाव किती बारी पुकारलं त्यांनी, ऐकू आलं न्हाई का?"

म्हणजे तो भोंगा माझ्यासाठी होता. तो एक पॅसेंजर मी होतो. विमान थांबलं होतं ते माझ्यासाठी, आणि माझ्यामुळंच. आत बसलेली शंभर माणसं मला शिव्या देत होती आणि त्यात माझी बायको बी असणार.

मी पळालो. फोन कानाला, पळत सुटलो. गेटपाशी आलो तर दार लागलेलं. त्या पोरीला म्हणलं, "मेरा नाम बालाजी. लिखो. बालाजी." आता मी बापाचं, आज्याचं, सगळ्यांचं नाव सांगायला तयार होतो. ती म्हणली, "सॉरी सर, गेट क्लोज हो गया. अब अंदर पूछ रहे हैं, आपकी फॅमिली उतरेगी या जाएगी."

माझ्या कानाला फोन होताच. त्यातून मला त्या हवाई सुंदरीचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "मॅडम, आपके हसबंड नहीं आ पाएंगे. आप उतरेंगे या जाएंगे?"

लग्नाला आठ वर्षं झाली आमच्या. माझ्या मनात आलं, ही काही मला सोडून जायची न्हाई.

मनीषा म्हणली, "जाएंगे."

मी म्हणलं, "अगं, मी हितं…"

"लेकरं आत्ताच झोपलेत. आता उठवले तर मी वेडी होईन. रेखाताई वाट बघायल्यात, मुहूर्त चुकायला नको. तुमी उद्याच्या विमानानं या. आणि हे बघा, तिथं कुणाशी भांडू नका." फोन बंद.

काचेतून मी बघितलं. विमान मागं सरकलं, वळलं आणि गेलं. मी एका बाकड्यावर बसून धपाट्याचा डबा शोधला, तर तो बी मनीषाच्या पिशवीत गेलेला. माझ्या हातात परीची दुधाची बाटली राहिली होती.

दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं ते कलकत्त्यावरून. म्हणजे आणखी एक कनेक्टिंग. तिथं मी कुणाशी बोललो न्हाई, पाणी प्यायलो न्हाई, गेटपाशी पहिला उभा राहिलो आणि विचारायच्या आधी नाव सांगितलं. तिथल्या माणसानं माझ्याकडं विचित्र बघितलं, तरी मी गप.

रेखाच्या घरी पोचलो तवा संध्याकाळ झालेली. पाहुणे जेवून गेलेले. भाचा गोल टकलू होऊन परीसोबत खेळत होता. मला बघून रडला.

रेखानं फोटो दाखवला. पाटावर मामाच्या जागी मनीषा. मांडीवर भाचा, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर पांढरी टोपी. मामाला द्यायची ती टॉवेल-टोपी, हिच्या डोक्यावर. आणि वर खदाखदा हसायलीय.

माझं परत टाळकं सरकलं. म्हणलं, "रेखे, मामा जिवंत असताना मामीला टोपी घालतात का? मुहूर्त संध्याकाळचा करता आला नसता का? लोकांनी काय म्हणलं असेल? कुणी विचारलं का न्हाई, मामा कुठंय म्हणून?"

"सगळ्यांनी विचारलं, दादा," रेखा म्हणली. "वहिनी सगळ्यांना सांगत होत्या, मामा हैदराबादला विमान थांबवायलाय."