रेडिओ लावला की सुरू होणारी घरघर

सानगडीतल्या आमच्या घरी बाबांचा रेडिओ दिवसभर चालायचा. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती, टीव्ही त्यांच्या कामाचा राहिला नव्हता. सकाळच्या बातम्या, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, जुनी गाणी, सगळं मीडियम वेव्हवर. धान कापून घरात आलं त्या सुमाराला या रेडिओत घरघर शिरली.

सलग नव्हती ती. घर्रर्र करायची, थांबायची, पुन्हा घर्रर्र. बातमी सांगणारीचं अर्धं वाक्य गिळून टाकायची.

"हे आपोआप नाई होऊन राहिलं," बाबा म्हणाले. "तो करून राहिला."

तो म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, माझे काका. आमची दोन्ही घरं एकाच भिंतीला लागून. मागच्या बोळीतलं सांडपाणी कोणाच्या बाजूने काढायचं यावरून दोघांचं बोलणं बंद पडलं होतं. भांडणाचं कारण केव्हाच मिटलं होतं, अबोला तेवढा उरला होता.

"बाबा, रेडिओ जुना झाला," मी म्हणालो.

"जुना झाला त मंग लावल्याबरोबर काहून नाई घरघरत? पहिले साफ आईकू येते. मंग तो भिंतीले कान लावते अन् सुरू करते."

मी हसलो. पण सुट्टीच्या दिवशी त्यांच्याजवळ बसलो, तर खरंच तसं. रेडिओ लावला, आवाज स्वच्छ. दोन बातम्या झाल्या आणि घर्रर्र. मी बंद केला, बराच वेळ थांबलो, भलत्याच वेळी पुन्हा लावला. पुन्हा तेच. पहिल्यांदा स्वच्छ, मग घरघर. पलीकडे कोणीतरी आपल्या रेडिओवर लक्ष ठेवून आहे, हे आता मलाही वाटायला लागलं.

मी साकोलीला बियाण्यांच्या दुकानात कामाला आहे, रेडिओतलं मला काही कळत नाही. तरी डोकं लावलं. गावाची लाईन गेली की रेडिओ सेलवर स्वच्छ वाजायचा. म्हणजे खराबी विजेवरच्या कशाची तरी. मग लाईन असताना रेडिओ सेलवर ठेवून आमच्या घराचं मेन स्विच पाडलं. घरघर थोडी कमी झाली, गेली नाही. म्हणजे आमच्या घरातली नव्हे.

रेडिओ हातात घेऊन फिरवला की घरघर कमीजास्त होते, हे तेव्हाच लक्षात आलं. मोबाईलवर शोधलं. आत एक काळी आडवी कांडी असते, तिचं टोक बिघाडाच्या दिशेला झालं की खरखर जवळजवळ नाहीशी होते. आमच्या ओसरीत तसं करून पाहिलं. टोक थेट भिंतीकडे. अंगणात जाऊन पाहिलं, मग बोळीत. प्रत्येक ठिकाणाहून टोक काकांच्या मागच्या खोलीकडे.

त्या खोलीच्या खिडकीला आतून खताच्या रिकाम्या पिशव्या लावलेल्या होत्या. आधी नव्हत्या. काकांनी साकोलीहून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड आणलं होतं, तेही मी पाहिलं होतं. माझी बायको म्हणाली, काकू आता दारातच उभी राहून बोलते, आत ये म्हणत नाही. मला वाटलं, चोरून वीज घेऊन काहीतरी चालवून राहिले असतील. विजेच्या ऑफिसात सांगावं का, इथवर विचार गेला.

एकदा रेडिओ घेऊन बोळीत उभा होतो, तर काका दारात आले.

"काय पाहून राहिला रे?"

"काही नाई. रेडिओ आईकून राहिलो."

"भिंतीपाशी येऊन?"

ते आत गेले आणि त्याच क्षणी घरघर थांबली. मग माझ्या मनात शंकाच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी काका वावरात गेल्यावर मी त्यांच्या दारी गेलो. काकू चौकटीला हात लावून उभी राहिली.

"काकू, तुमच्या घरी कोणती मशीन चालते? बाबाले रेडिओ आईकू येत नाई."

"कोणती मशीन? काही नाई बाप्पा." तिची नजर माझ्या हातातल्या रेडिओवर होती. "तू ते घेऊन कायले फिरतं आमच्या भिंतीभोवती? काय भरून घेतं त्याच्यात? कोणाले नेऊन आईकवतं?"

मी रेडिओ बंद केला. रेडिओत कोणाचं बोलणं भरून घेता येत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. इकडे मी त्यांच्यावर संशय घेत होतो आणि तिकडे ते माझ्यावर.

तेवढ्यात आतून आवाज आला, "आई, येऊ दे दादाले."

ती काकांची मुलगी होती. माझी चुलतबहीण, सासरी नांदत असलेली, असं आम्ही सगळे समजत होतो. मागच्या खोलीत कापडाचे तुकडे पडले होते आणि मधोमध मोटार लावलेली शिवणमशीन. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती निघून आली होती. दोन्हीकडच्या माणसांची बैठक होईपर्यंत गावात बोभाटा नको, म्हणून काकांनी तिला आतच ठेवलं होतं. ती साकोलीतल्या एका दुकानाचे ब्लाऊज शिवत होती, काका पोचवत होते.

"मशीनचा आवाज बाहेर गेला त लोकं विचारतीन," ती म्हणाली. "म्हणून मोठेबाबाचा रेडिओ सुरू झाला का मी शिवाले बसत होती. त्या आवाजात दबून जाते."

म्हणजे बाबांचं निम्मं खरं होतं. भिंतीला कान लावून कोणीतरी खरंच वाट पाहत होतं.

मोटार मी आणि बहिणीने खोलून पाहिली. आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला घासणारे लहान तुकडे, झिजले होते, चालताना निळ्या ठिणग्या उडत होत्या; त्यांचीच ती घरघर. साकोलीतल्या मिस्त्रीने कार्बन बदलून दिले आणि मोटारीच्या वायरवर खरखर अडवणारा एक लहानसा कंडेन्सर बसवला. बाबांचा रेडिओ मी समोरच्या खोलीत नेला, सेलवर ठेवला, फिरवून बरोबर जागेवर बसवला. घरघर पूर्ण गेली नाही. बारीक किणकिण राहिली, पण शब्द न् शब्द कळायला लागला.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चाचपडत रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "पोरीले मारत होता तो?" आणि थोड्या वेळाने, "मले काहून नाई सांगितलं? मी जाईन ना बैठकीले." काकांशी मात्र ते अजून बोलले नाहीत. काका मला अजूनही बोळीत पाहिलं की क्षणभर थांबतात, माझ्या हाताकडे बघतात.

त्यानंतर काही दिवसांनी चौकातल्या पानठेल्यावर एकाने मला बाजूला घेतलं. आवाज हळू करून म्हणाला, "तुमच्या काकाची पोरगी परत आली म्हणते? काय झालं गा?"

त्याने हे कुठून ऐकलं, आणि मी काय सांगतो ते कुठे जाणार, दोन्ही मला ठाऊक नव्हतं. बहिणीने मला घराबाहेर काही सांगायची परवानगी दिली नव्हती. मी सुपारी तोंडात टाकली आणि आमच्या दुकानात आलेल्या उन्हाळी धानाच्या बियाण्याचं बोलायला लागलो. तो ऐकत होता, पण त्याचे डोळे काही बियाण्याकडे नव्हते.