उपटलेली करमत्ता भाजी

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं आणि एकाएकी सगळ्याच कचेऱ्यांना माणसं कमी पडायला लागली. भोपाळहून येणारे आदेश आता आमच्याच शहरात निघत होते, आणि त्यातल्या एकात चक्क माझं नाव होतं. विज्ञानाच्या शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं : परमुलखातून आलेल्या वनस्पती इथल्यांना कशा हुसकावून लावतात आणि हे मुलांना कसं शिकवायचं. मी बुढापारा मोहल्ल्यात राहणारी, सातवी-आठवीची साधी मास्तरीण. आदेश वाचून स्वयंपाकघरात नाचलेच! खात्यातले मोठे साहेब म्हणाले होते, "पहिली तुकडी नीट झाली तर पुढच्याही तुमच्याच." मला ते काम इतकं हवं होतं, इतकं हवं होतं, की घास उतरेना.

"काहून एवढी घाबरून राहिली?" नवरा म्हणाला. "झाडंच तर आहेत. उलटून बोलणार आहेत काय?"

मी बेशरम निवडली. तिला ओळखत नाही असा माणूस आमच्याकडे नाही. तळ्याच्या काठाने माजते, तोडून फेकली तर पडल्या जागी फुटते. नाव उगीच नाही पडलं. तिच्या भोंग्यासारख्या जांभळट फुलाचा मोठा तक्ता मी रंगवला. फूल असं उतरलं होतं म्हणता! देठ काढायचा कंटाळा केला. फुलावरून कळतंच की, म्हटलं.

प्रशिक्षण बीरगावच्या एका शाळेत होतं. शाळेमागे डबरी, म्हणजे छोटं तळं. सकाळी मी तक्ता दाखवला आणि तीस शिक्षकांना डबरीवर सोडलं, "असं फूल दिसलं की उपटा." शिक्षक लोक एकदा कामाला लागले की विचारू नका. पँटी दुमडल्या, पदर खोचले, तासाभरात काठ साफ. काठावर ढीग, सगळे चिखलाने माखलेले, हसताहेत. मी तर मनातल्या मनात दुसरी तुकडी सुरूही करून टाकली होती.

तेवढ्यात शाळेत मुलांचं जेवण रांधणारी बाई पाण्याला आली आणि ढिगापाशी थबकली.

"का कर डारेव, मैडम! ये तो मोर करमत्ता भाजी आय!"

काय करून ठेवलं होतं आम्ही! तिची भाजी! करमत्ता पाण्यात पसरतो, त्याची भाजी इथे घरोघर खातात. आणि त्याचं फूल थेट माझ्या तक्त्यासारखं! तिने पावसाळाभर तो वाढवला होता, मुलांच्या डाळीत घालायला. आम्ही बेशरमीबरोबर तोही मुळासकट काढला होता. बरं, मी सुद्धा ही भाजी किती वेळा खाल्लेली. पण बाजारातल्या जुडीला फूल कुठलं?

"बाई, चुकलं माझं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिने चार वर्षं नागपूरला बांधकामावर काढली होती. मराठीतच म्हणाली, "रडून नका राहू. याचं कांडं चिखलात खोचलं की परत फुटते. पण बेशरमही तशीच फुटते, बरं! आधी निवडा." तिने दोन देठ माझ्या हातात दिले. "दाबून पाहा. पोकळ अन् मऊ, ते भाजी. काडीसारखं ताठ, ते बेशरम."

मग काय! तीस शिक्षक ढिगाभोवती बसले, भाजी निवडायला बसावं तसे. ती प्रत्येकाच्या हातातला देठ तपासायची, चुकला की कपाळाला हात लावायची. निवडलेली कांडी घेऊन आम्ही पुन्हा चिखलात उतरलो. मी पण, साडी वर खोचून, एक ओळ लावायला.

आणि नेमके मोठे साहेब आले.

"मॅडम, उपटायचं प्रशिक्षण होतं ना? ही तर लावणी चालू आहे!"

थाप मारता आली असती. पण ती बाई शेजारीच उभी होती. मी सगळं सांगितलं, न काढलेल्या देठासकट. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "पंधरा दिवसांनी येतो. भाजी परत आली तर दुसरी तुकडी तुमची."

ते पंधरा दिवस मी बीरगावकडे फिरकलेसुद्धा नाही, हिंमतच होईना. सोळाव्या दिवशी साहेबांच्या मागे मागे डबरीवर गेले. अगं बाई! काठभर हिरवंगार, कोवळ्या पानांची नुसती दाटी. साहेबांनी एक देठ खुडला, दोन बोटांत दाबला आणि मान डोलावली. "तारीख ठरवा," म्हणाले. मी त्या बाईला तिथेच मिठी मारली, चिखल-बिखल न बघता.

"थांबा ना, मैडम," ती म्हणाली आणि मला हाताला धरून कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे माझी ओळ होती. ओळीच्या मधोमध एक काडी ताठ उभी, वर दोन नवी पानं. बेशरम!

"आठ दिवसांपासून पाहून राहिली मी," पदर तोंडाला लावून ती म्हणाली. "मुद्दाम ठेवली. तुमच्या हातची आहे, तुम्हीच उपटा."