सहाच माणसं

आमच्या गावाच्या तिन्ही अंगांना धरणाचं पाणी, म्हणून बीडच्या रस्त्याला लागायला होडी. मी इथला ग्रामसेवक. काठावरचा बोर्ड मीच लिहिला: एका फेरीला सहा माणसं, लाइफ जॅकेट सक्तीचं. त्या बोर्डाच्या खांबाला लोक शेळ्या बांधतात.

होडीवाल्याला वाचता येत नाही. आवाजही बारीक. दोनदा खाकरून तो म्हणतो, "घाला बरं," की म्हाताऱ्यासुद्धा लुगड्यावर जॅकेट चढवतात. ग्रामसभेत मी टेबल बडवलं तरी कुणी गप्प होत नाही.

परवा गावचे पुढारी जॅकेट नको म्हणाले. हा भांडला नाही. वल्ही आत ओढून तंबाखू मळत बसला. शेवटी पुढाऱ्यांनी मुकाट बंद बांधले. हेच पुढारी माझ्या खुर्चीत बसून मला उभं ठेवतात. माझा नुसता जळफळाट झाला.

काल मला मिटिंगची घाई होती. होडीत सहा जण बसलेले, तरी मी पाय टाकला.

"सायेब, सहा झालेत. उतरा."

"अरे, तो नियम मीच लिहिलाय!"

"तुमी लिवलाय म्हणूनच म्हणतो. उतरा बरं."

मी उतरलो. होडी लांब गेली. काठावर बोर्डाला बांधलेली शेळी होती, आणि मी.